देसायांची मतदार यादी

आडनाव वाचून माणसाचं मत सांगायचं, ही नंदकिशोर देसायांची ख्याती होती. बोरीवली पश्चिमेला वझिरा नाक्याच्या आसपासच्या वीस-पंचवीस इमारतींत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. सरळ आडनावं कुणीही ओळखेल. सावंत कोण, शहा कोण आणि तिवारी कोण हे शेंबडं पोरही सांगतं. खरी कसोटी लागायची ती दोन्हीकडे नांदणाऱ्या आडनावांपाशी. जोशी इकडेही असतात आणि तिकडेही. वैद्य, पुरोहित, व्यास यांचंही तसंच. ठाकूर तर तीन मुलखांतले. तिथे देसाई चष्मा कपाळावर सरकवून नावाखालची ओळ वाचायचे. वडिलांचं नाव शांताराम असेल तर आपला, शांतिलाल असेल तर त्यांचा. बाई असेल तर नवऱ्याचं नाव पाहायचं. तेही फसवं निघालं तर खोली नंबर पाहायचा आणि त्या मजल्यावर दिवाळीत कंदील कसला लागतो ते आठवायचं. सहसा चूक होत नसे. त्यांचं स्वतःचं आडनावही त्यातलंच होतं. ते सावंतवाडीकडचे, पण बाजारात निम्मे दुकानदार त्यांना 'केम छो देसाईभाई' म्हणायचे, आणि तेही हसून 'मजामां' म्हणायचे.

देसाई एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. तिथून त्यांना लाल-निळ्या पेन्सिलीची सवय लागली, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. मतदार यादी आली की आपल्या माणसापुढे लाल टिंब, त्यांच्या माणसापुढे निळं, आणि खात्री नसेल तिथे साधं प्रश्नचिन्ह. मतदानाच्या दिवशी पक्षाची पोरं ती यादी घेऊन फिरायची. लाल टिंबवाला दुपारपर्यंत आला नाही तर घरी जाऊन बोलवायचा, म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आणायचं. निळ्यांकडे जायचं नाही, उगाच आठवण कशाला करून द्या. इतकाच त्या यादीचा उपयोग, असं देसाई मानत होते.

हे सुरू झालं शहाण्णव सालच्या लोकसभेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या बहिणीला, शकुला, इथेच जवळ घर घ्यायचं होतं. जागा पसंत पडली, बोलणी झाली, आणि मग बिल्डरच्या माणसाने विचारलं की घरात मासे शिजतात का. शकु म्हणाली, शिजतात की. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ती जागा गेली. ती गेली नव्हती, पुढे सहा महिने रिकामी होती. शकु मग डोंबिवलीला गेली. देसाई कुणावर ओरडले नाहीत. ओरडण्याचा त्यांचा पिंडच नव्हता. पण लोकसभेला शाखेतून कुणी यादी घेऊन आलं, म्हणालं, "देसाईसाहेब, तुम्ही इथले जुने, जरा कोण आपलं कोण परकं बघून द्या ना," तेव्हा त्यांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि रविवारभर बसून यादी पुरी केली. दिल्लीला आपला माणूस गेला पाहिजे. आपली मतं इतकी, त्यांची इतकी, उत्तरेकडच्यांची इतकी. ज्याची मोट बांधलेली राहील तो जिंकणार. उमेदवार कसा आहे, संसदेत काय बोलतो, हे कुणी फारसं विचारत नसे. देसाईही विचारत नसत.

आता गंमत अशी, की देसायांच्या समोरच्याच दारात निमेश पारेख राहायचे. मधुकुंज सोसायटी, बी विंग, तिसरा मजला. निमेशभाईंचं नाक्यावर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. दोन्ही घरं एकदमच राहायला आलेली. देसायांच्या पत्नी क्षमाताई आणि निमेशभाईंच्या पत्नी विनिताबेन यांच्यात वाटीभर साखरेपासून बाळंतपणापर्यंत सगळं चालायचं. शहाण्णव सालीच कृणालचा जन्म झाला, तेव्हा निमेशभाई वडिलांच्या आजारपणासाठी राजकोटला अडकले होते. नर्सिंग होममधून बाळाला घरी आणलं ते देसायांनी, मांडीवर घेऊन, रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला हळू म्हणत. कृणाल पुढे अर्धा त्यांच्याच घरात वाढला. गणित त्यांच्याकडे शिकला, बोंबील क्षमाताईंकडे, आईला न सांगता खायला शिकला. त्याचं मराठी ऐकून नवा माणूस आडनाव विचारायचा आणि पारेख ऐकून चमकायचा.

आणि तरीही दर निवडणुकीला, पारेख निमेश, पारेख विनिता, आणि अठरा वर्षांचा झाल्यावर पारेख कृणाल, या नावांपुढे देसाई निळं टिंब ठेवायचे. त्यात त्यांना काही खटकत नव्हतं. शेजार वेगळा, हिशोब वेगळा. हवामान खातं पाऊस सांगतं, त्यात ढगांशी भांडण नसतं, असं ते क्षमाताईंना एकदा म्हणालेही होते.

दोन हजार चोवीसच्या लोकसभेपर्यंत पक्षाचे दोन तुकडे झाले होते. जुनी माणसं दोन्हीकडे वाटली गेली. देसाई आपल्या बाजूला तसेच राहिले. शाखेत आता सुयोग नावाचा नवा तरुण होता, तिशीतला, हुशार, कायम दोन मोबाइल हातात. त्याने देसायांची पूर्ण केलेली यादी घेतली आणि पानं उलटत एकेकाचा फोटो काढला.

"हे कशाला?" देसायांनी विचारलं.

"काका, आता सगळं ॲपवर. तुमचं नॉलेज वाया जायला नको ना."

देसायांना बरं वाटलं. बहात्तराव्या वर्षी आपल्या कामाला कुणी नॉलेज म्हटलं होतं.

मे महिन्यात मतदान झालं, जूनमध्ये निकाल लागला. त्यांचा उमेदवार हरला. मागाहून कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचे आकडे आले. वझिरा नाक्यावरच्या केंद्रांचे आकडे फारच वाईट होते. देसायांनी ते वाचले, उसासा टाकला आणि कागद रद्दीत ठेवला. अशा हारी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, वॉचमन धावत वर आला. कृणालला दुकानात कुणीतरी मारलं म्हणाला.

देसाई पायात आल्या त्या चपला घालून उतरले. गुडघे दुखतात हे त्यांना रस्ता ओलांडल्यावर आठवलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत कृणाल काउंटरला टेकून उभा होता, डावा गाल लाल, कानापर्यंत सुजलेला. झेरॉक्स मशीनचं झाकण उघडंच राहिलं होतं. बाकी काही मोडलं नव्हतं.

"कोण होते? नावं सांग मला," देसाई म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "मी आत्ताच्या आत्ता शाखेत जातो. त्यांच्या बापाला ओळखत असेन मी."

"बसा काका."

"बसायचं काय त्यात? अरे, तुला हात लावला म्हणजे..."

"बसा ना."

देसाई स्टुलावर बसले. कृणालने झालं ते सांगितलं. चार जण आले होते. दोघे ओळखीचे चेहरे, दोघे नवे. एकाच्या हातात मोबाइल. त्यात बघून म्हणाला, मधुकुंज, बी विंग, पारेख कृणाल निमेश, हाच. मग म्हणाला, धंदा इथे करता, आणि मत दिल्लीसाठी कुणाला देता. कृणाल म्हणाला, मी तुमच्याच उमेदवाराला दिलंय. त्यावर ते हसले. "खोटंसुद्धा मराठीत बोलतो," असं म्हणून एकाने कानाखाली दिली. कृणाल पुन्हा तेच म्हणाला. मग दुसरी दिली.

"मोबाइलमध्ये काय होतं?" देसायांनी विचारलं.

कृणालने स्वतःचा फोन काढला. इमारतींच्या कुठल्याशा ग्रुपवर तो फोटो फिरत होता, त्याला मित्राने पाठवला होता. त्याने फोन काउंटरवर देसायांसमोर ठेवला.

मतदार यादीचं पान होतं. तीन ओळींपुढे निळी टिंबं, नीट गोल, एकाखाली एक. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: तिसरा मजला, समोरचे, 3 निळे. खाली पानाची बेरीज, इंग्रजी आकड्यांत, 27.

"हा सात तुमचा आहे ना, काका?" कृणाल म्हणाला. "मधे कापलेला. मला शिकवलं होतंत, सात कापून लिहायचा म्हणजे एकात आणि सातात घोळ होत नाही."

देसाई फोनकडे बघत राहिले. अक्षर आपलंच आहे हे कळत होतं, आणि तरी दुसऱ्या कुणीतरी ते चोरून लिहिलं असावं असं वाटत होतं. स्क्रीन काळी झाली. त्यांनी बोट लावून ती पुन्हा उजळली. टिंबं होती तिथेच होती.

"ते मतांपुरतं असतं रे," ते अखेर म्हणाले.

"मत मी तुमच्याच माणसाला दिलं होतं. पहिल्यांदा दिलं तेव्हापासून." कृणालचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही एवढे राबायचात, म्हणून. तुम्ही कधी विचारलंच नाही."

देसाई स्टुलावरून उठले. मग कृणालनेच त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. ते आठवलं की पुढे कित्येक दिवस त्यांच्या अंगावर काटा यायचा.

ते घरी न जाता समोरच्या दारात गेले. निमेशभाई बनियनवर सोफ्यात बसले होते. त्यांना कळलं होतं, फोटोही पाहिला होता. देसाई दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "यादी माझी आहे."

"माहीत हाय," निमेशभाई म्हणाले. "नंदुभाई, मला पहिल्यापासून माहीत हाय तुम्ही खुणा करता. आमच्याकडे पण करणारे हायेत. त्यांच्या यादीत तुमच्या नावावर काट असेल. माझ्याकडे पण आलते, समोर कोण राहते विचारायला. मी सांगितला, मराठी हाय. काय खोटा सांगितला?"

देसायांना हे नवीन होतं.

"माझ्या नावापुढे लावा," निमेशभाई म्हणाले. "मी राजकोटला जन्मलो, लावा. पण हा तर तुमच्या मांडीवर घरी आला ना. त्याच्यापुढे लावताना तुमचा हात..." आत स्वयंपाकघरात विनिताबेनचा वावर ऐकू येत होता. त्या बाहेर आल्या नाहीत. पोलिसात जाऊ या, असं देसाई म्हणाले तेव्हा निमेशभाईंनी हात जोडले. "दुकान चालवायचा हाय मला. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी देसाई शाखेत गेले. सुयोग फोनवर होता. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला.

"पोरांनी जरा जास्त केलं," तो म्हणाला. "मी बोललो त्यांना. डोकं तापलं होतं सगळ्यांचं. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"मी ती यादी मतं आणायला दिली होती, सुयोग. मारायला नाही."

"कोणी मारायला सांगितलं? पण काका, खरं सांगू? आपलं कोण, परकं कोण, हे तुम्हीच लिहून दिलं ना. एवढी वर्षं. आता पोरांनी ते वाचलं तर तुम्ही माझ्यावर चिडता." तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मग वातावरण हलकं करावं म्हणून हसला. "तुम्हाला एक दाखवतो. हे बघा, ॲप आडनावावरून स्वतःच ओळखतं. देसाई नंदकिशोर. तुम्हालापण त्याने निळं करून ठेवलंय. वडिलांचं नाव टाकायचं राहिलं असणार. मी करतो दुरुस्त."

देसायांनी वाकून पाहिलं. त्यांच्या नावापुढे निळा ठिपका होता, खाली क्षमाताईंपुढेही. ते चहा तसाच ठेवून उठले. सुयोगने दुरुस्ती केली की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी क्षमाताई भाजी निवडत होत्या. देसायांनी त्यांना सगळं सांगितलं, ॲपचंही. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, तुमच्या यादीत माझ्या नावापुढे काय असायचं?"

"लाल. दुसरं काय असणार?"

"मलाही कधी विचारलं नाहीत," असं म्हणून क्षमाताई मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या. देसायांना पुढचा प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्या एका वाक्याने त्यांची झोप उडाली.

सोमवारी ते एकटेच पोलीस चौकीत गेले. तिथला हवालदार वयाने पन्नाशीचा होता, सभ्य होता. देसायांनी सगळं नीट क्रमाने सांगितलं, जसं स्टोअरचा स्टॉक सांगावा तसं. शेवटी म्हणाले, "तो फोटो माझ्या अक्षरातला आहे. माझा जबाब लिहून घ्या."

"मार खाल्ला तो कुठे आहे?"

"त्याला तक्रार करायची नाही."

"मग तुम्ही कसली तक्रार करताय?"

"माझीच," देसाई म्हणाले.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काका, यादी मिळते सगळ्यांना. तिच्यावर टिंब काढणं काही गुन्हा नाही. त्यात तुम्हाला कशात घालू मी?"

एवढं सगळं होतं आणि ते कशातच बसत नव्हतं, हे देसायांच्या पचनी पडेना. त्यांनी कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला: सदर खुणा मी केल्या, त्या चुकीच्या होत्या, त्यावरून एका निरपराध मुलाला मारहाण झाली. सही केली. हवालदाराने पोच म्हणून शिक्का मारून दिला, कारण म्हातारा हलायला तयार नव्हता. त्या अर्जामुळे इतकंच झालं की ओळखीच्या दोन पोरांना चौकीत बोलावून समज दिली गेली. त्या रात्रीपासून शाखेच्या ग्रुपवर देसायांना गद्दार म्हणायला सुरुवात झाली. जे म्हणत होते त्यांतल्या तिघांच्या बारशाचे पेढे देसायांनी खाल्ले होते. दोन दिवस त्यांनी ते मेसेज वाचले, मग ग्रुप सोडला.

कृणालने दुकान चालू ठेवलं, पण संध्याकाळी सहालाच बंद करू लागला. जिन्यात भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा. निमेशभाई बोलायचे, पण पाण्याचं, लिफ्टचं, सोसायटीच्या रंगकामाचं. वर्षभरात कृणालचं लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी अट घातली म्हणे, घर आपल्या माणसांत हवं. निमेशभाईंनी मधुकुंजमधली जागा विकली आणि ते कांदिवलीला महावीर नगरला गेले. तिथे टॉवरमध्ये ए विंगपासून डी विंगपर्यंत सगळे एकाच बाजूचे. सामान जात होतं तेव्हा देसाई खाली उभे राहून टेम्पोवाल्याला मागे घे, डावीकडे घे, असं सांगत होते. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

पुढे महापालिकेची निवडणूक आली आणि गेली. यादी घेऊन कुणी आलं नाही. देसाई आणि क्षमाताई सकाळीच जाऊन मत देऊन आले, आणि वाटेत दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी दोघं महावीर नगरला गेली. कृणालच्या बायकोला अजून घरी जाऊन भेटणं झालं नव्हतं. क्षमाताईंनी साडी घेतली होती आणि नारळाच्या वड्या केल्या होत्या. घर मोठं होतं, उजेड भरपूर. निमेशभाई बाहेर गेले होते. विनिताबेननी क्षमाताईंना हाताला धरून आत नेलं, सून आणि घर दाखवायला. देसाई हॉलमध्ये एकटे बसले. इतक्यात कृणाल आतल्या खोलीतून आला. अंगाने भरला होता, चेहरा शांत.

"आइए अंकल, बैठिए, बैठिए. रास्ते में तकलीफ़ तो नहीं हुई?"

देसायांनी मान वळवून मागे पाहिलं. आणखी कुणी आलं असेल असं त्यांना वाटलं. मागे फक्त बंद दार होतं.

"नाही रे," ते म्हणाले. "बस लगेच मिळाली."

"अच्छा है. चाय लेंगे ना? शक्कर कम, मुझे याद है."

"हो. चालेल."

कृणालने पंखा वाढवला, पाण्याचा ग्लास आणून दिला, गुडघ्यांची चौकशी केली, इकडे टाकलेल्या नव्या दुकानाबद्दल दोन वाक्यं सांगितली. सगळं आदबीने, आणि सगळं हिंदीत. देसाई मराठीत उत्तरं देत राहिले. दोनदा त्यांना वाटलं की आता हा हसेल आणि म्हणेल, काय काका, कसं फसवलं. तो हसला नाही. निघताना वाकून नमस्कार केला आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. लिंक रोडला नेहमीसारखी गर्दी होती. बऱ्याच वेळाने क्षमाताई म्हणाल्या, "विनिता म्हणत होती, तो आता कुणाशीच मराठी बोलत नाही." मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी सावरून घेतलं. "सुनेला येत नसेल हो. तिच्यासाठी बोलला असेल."

"ती तुमच्याबरोबर आत होती," देसाई म्हणाले.